गाडीत पाणी येतंय? आधी ‘कधी’ ते शोधा, मग ‘कुठून’

जुलैतली सकाळ. गाडीत बसून पाय टेकवला की मॅट पचकन वाजते. हात लावून बघावं तर खालचं कार्पेट ओलंचिंब. अशा वेळी काही जण रात्री काच उघडी राहिली असेल म्हणून सोडून देतात. काही जण सिलिकॉनची ट्यूब आणतात आणि दिसेल त्या फटीत भरत सुटतात. पहिल्यांचं कार्पेट कुजतं. दुसऱ्यांचंही कुजतंच, वर ट्यूबचे पैसे जातात.

कौलारू घरात वाढलेल्यांना ही गोष्ट माहीत असते. गळती टपकते तिथलं कौल फुटलेलं असेलच असं नाही. पाणी वर कुठेतरी शिरतं, वाशाच्या पोटावरून घसरत येतं आणि चार हात लांब, नेमकं देव्हाऱ्यावर पडतं. गाडीतही वासे असतात, फक्त ते पत्र्याच्या घड्या, वायरींचे जुडगे आणि कार्पेटखालचा फोम अशा रूपात असतात. म्हणून ओली जागा ही शोधाची सुरुवात धरा, तिलाच कारण समजू नका. आणि गाडी वॉरंटीत असेल तर खाली लिहिलेलं काहीही उघडायच्या आधी फोटो, व्हिडिओ काढून सर्व्हिस सेंटरला दाखवा.

पाणी कसलं आहे?

पांढरा टिश्यू पेपर ओल्या जागी दाबा आणि बघा. डाग रंगहीन असेल, वास कुबट किंवा मातकट असेल, तर पाणी पावसाचं किंवा एसीचं. कागदावर हिरवट, गुलाबी किंवा निळसर छटा आली, बोटांना बुळबुळीत लागलं आणि गोडसर वास आला, तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव आहे. म्हणजे डॅशबोर्डच्या पोटातला हीटर कोर (गरम हवेसाठी कूलंट फिरतं ती जाळी) किंवा त्याचा पाइप गळतोय. सोबत पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकं साचत असेल आणि बॉनेटखालच्या टाकीतली कूलंटची पातळी उतरत असेल, तर खात्रीच. हे काम घरी करू नका. इंजिन तापायच्या आत गाडी मेकॅनिककडे न्या, आणि गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका. कूलंट विषारी असतं आणि गोड लागतं, त्यामुळे पुसलेली फडकी कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागतील अशी टाकू नका.

पुराचं पाणी हा वेगळा विषय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत कितीतरी गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. अशा गाडीला स्टार्टर मारायचा नाही, थेट टो करून न्यायची. जुनी गाडी विकत घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसली तर नमस्कार करून परत या.

कधी ओलं होतं?

कागद घ्या आणि चार-पाच दिवस नोंद ठेवा. कंटाळवाणं आहे, पण निम्मा शोध इथेच लागतो. रोज सकाळी आणि प्रत्येक फेरीनंतर चारही पायांच्या जागा आणि डिकीतला स्टेपनीचा खड्डा हाताने चाचपायचा. सोबत लिहायचं: पाऊस होता का, गाडी उभी होती की चालत होती, एसी किती वेळ चालू होता, गाडी चढावर उभी होती की उतारावर.

पाऊस नसतानाही एसी लावून लांब गेल्यावर पुढची डावी बाजू ओली होत असेल, तर एसीकडे बोट दाखवा. फक्त उभ्या गाडीत, रात्रभराच्या पावसाने ओलं होत असेल, तर वरून पाणी येतंय: काच, वायपरखालचा भाग, दरवाजा, सनरूफ. पाऊस थांबलाय, पण भरलेल्या रस्त्यावरून गेल्यावर ओलं होतंय, तर चाकाने उडवलेलं पाणी तळातल्या किंवा चाकाच्या कमानीतल्या एखाद्या भोकातून शिरतंय. आणि फक्त वॉशिंग सेंटरहून आल्यावर ओलं होत असेल, तर कदाचित गाडीत दोषच नाही. तिथल्या प्रेशर गनसमोर चांगलं रबरही हार मानतं.

उताराची नोंद गंमत म्हणून सांगितलेली नाही. माझ्या जुन्या हॅचबॅकमध्ये मागच्या सीटच्या डाव्या पायाशी पाणी साचायचं. मागच्या दरवाज्याचं बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, बदललं. पाणी येतच राहिलं. नंतर लक्षात आलं, रत्नागिरीत आमच्या घराकडे येणारा रस्ता चढाचा आहे आणि मी गाडी रोज तोंड वर करून लावतो. पाणी पुढे शिरत होतं आणि रात्रभरात कार्पेटखालून मागे जाऊन बसत होतं. बीडिंगचे पैसे गेले ते गेलेच.

सगळ्यात सोपं आधी: एसीचा ड्रेन

एसी हवेतलं बाष्प काढून घेतो. ते कूलिंग कॉइलवर पाणी होऊन साचतं आणि एका नळीतून गाडीखाली टपकतं. आपल्याकडे कॉइल बहुतेक गाड्यांत डावीकडे, ग्लव्ह बॉक्सच्या मागे असते, म्हणून ही नळी तुंबली की भिजतात ते शेजारी बसणाऱ्याचे पाय.

तपासणी अगदी साधी. गाडी कोरड्या जागी लावा, एसी पूर्ण थंडीवर १५–२० मिनिटं चालू ठेवा आणि खाली वाकून बघा. पावसाळ्याच्या दमट हवेत थेंब टपटप पडलेच पाहिजेत. खाली जमीन कोरडी आणि आत कार्पेट ओलं असेल, तर चोर सापडला.

नळीचं तोंड इंजिनाच्या मागच्या पत्र्यातून किंवा तळातून बाहेर आलेलं असतं. तिथे धूळ आणि शेवाळी चिखल अडकलेला असतो. कधी कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं असतं. गवत कापायच्या मशिनची नायलॉन दोरी हळूच आत फिरवा. बऱ्याचदा कपभर गढूळ पाणी भसकन अंगावर येतं, तेव्हा तोंड बाजूला ठेवा. लोखंडी तार खुपसू नका, पुढे कॉइलच्या नाजूक पात्या असतात. पंक्चरवाल्याकडची जोराची हवाही नको, आतला जोड निसटला तर डॅशबोर्ड उतरवायची वेळ येते. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. रॅम्प किंवा पिट असलेलं गॅरेज गाठा, दहा मिनिटांचं काम आहे.

कार्पेट उचला

नोंदी पावसाकडे बोट दाखवत असतील, तर आता हात मळवायला लागणार.

आपल्याकडे एक खास अडचण आहे. नवी गाडी घेतली की आपण हौसेने रेक्झिनची मॅटिंग टाकून घेतो आणि वर जाडजूड मॅट पसरतो. वरून सगळं कोरडं, स्वच्छ. खाली कंपनीचं कार्पेट आणि त्याखालचा फोम कित्येक लिटर पाणी पिऊन बसलेला असतो आणि मालकाला कळतं ते थेट वास यायला लागल्यावर. म्हणून मॅटवर हात फिरवून निकाल देऊ नका, फोमपर्यंत पोचा.

डिकी आधी उघडून ठेवा. काही गाड्यांत तिचं कुलूप विजेवर चालतं आणि बॅटरी सोडल्यावर ती उघडत नाही. मग किल्ली काढून घ्या, बहुधा १० चा पाना लागतो, आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडा. पंधरा मिनिटं थांबा. सीटखालचा पिवळा कनेक्टर म्हणजे एअरबॅगचं सर्किट. बॅटरी जोडलेली असताना त्याला हात लावायचा नाही. सीट बाहेर असताना चुकून किल्ली फिरवलीत, तर एअरबॅगचा दिवा लागून राहतो आणि तो घालवायला गॅरेजमधला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लागतो. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी, म्हणजे जास्त व्होल्टेजची केबल दिसली तर तिथून मागे फिरा.

सीट सहसा चार बोल्टवर असते. दरवाज्याच्या उंबऱ्यावरची प्लास्टिक पट्टी सरळ वर ओढली की निघते. स्क्रूड्रायव्हरने उचकटलीत तर क्लिपा तुटतात, त्यासाठी प्लास्टिकची चपटी पट्टी मिळते ती वापरा. कार्पेट दुमडून फोम दाबून बघा आणि पत्रा उघडा करा. पत्र्यावर वाळलेल्या पाण्याचे ओघळ, मातीच्या रेघा, गंजाचा पिवळा माग दिसतो. हा माग वरच्या दिशेने धरत जा. उघडलंच आहे तर पायाजवळच्या बाजूच्या पॅनलमागचे कनेक्टरही बघा. तिथे हिरवट बुरा दिसला, तर आपोआप वाजणाऱ्या हॉर्नचं आणि चालणाऱ्या वायपरचं कोडं सुटतं.

पाइपची चाचणी

आतला पत्रा पुसून कोरडा करा. संशयाच्या जागी वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवा, ओली जागा लगेच काळी पडते. एक माणूस टॉर्च घेऊन आत, एक पाइप घेऊन बाहेर. आतला माणूस शांत डोक्याचा हवा, दर मिनिटाला “आलं का?” असं विचारणारा बाहेर ठेवा.

पाणी बागेच्या नळीचं, साध्या धारेचं. सुरुवात नेहमी खालून करायची. आधी चाकाच्या कमानी आणि उंबरा, मग दरवाज्याचा खालचा भाग, मग काचेची कड, मग वायपरखालची जाळी, मग पुढची काच, शेवटी छत. सुरुवातीलाच छतावर धार सोडलीत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कुठून शिरलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. प्रत्येक जागेला पाच ते दहा मिनिटं द्या. लोक इथेच घाई करतात. काही गळत्यांना आधी एखादा खोलगट भाग भरावा लागतो, तोवर एक थेंबही दिसत नाही.

दरवाज्याच्या बीडिंगवर संशय असेल तर पाइपही नको. कागदाची पट्टी मध्ये ठेवून दरवाजा लावा आणि ओढा. ती थोडी अडून निघाली पाहिजे. अलगद सुटली तर तिथे रबर दबलंय किंवा दरवाजा बिजागरीवर उतरलाय. तेच काम टाल्कम पावडरनेही होतं: बीडिंगवर पावडर लावून दरवाजा लावा, समोरच्या पत्र्यावर पांढरी रेघ अखंड उमटायला हवी.

नेहमीचे गुन्हेगार

वायपरखालची जाळी. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर इथूनच सुरू करा. बदामाचं भलंमोठं पान जाळीवरच अडकतं, त्याचा त्रास नाही. गुलमोहराची आणि सुबाभळीची बारीक पानं जाळीतून आत जातात, कुजून चहाच्या चोथ्यासारखी होतात आणि दोन्ही टोकांची निचऱ्याची भोकं बुजवतात. मग तो खड्डा तळ्यासारखा भरतो आणि पाणी एसीची बाहेरची हवा घ्यायच्या वाटेने ब्लोअरमध्ये, तिथून पायाशी. एसी ड्रेनची गळती आणि ही गळती एकाच जागी दिसते, फरक फक्त ‘कधी’चा. वायपरचे हात आणि पॅनल काढून चोथा हाताने उपसा, मग पाणी ओतून ते दोन्ही बाजूंनी खाली पडतंय ना ते बघा.

दरवाज्यातला प्लास्टिकचा पडदा. दरवाज्याच्या आत पाणी जाणं हा दोष नाही. काचेच्या बाहेरच्या रबराजवळून ते आत उतरतं आणि खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर पडतं. केबिनकडे येऊ नये म्हणून डोअर पॅडच्या (दरवाज्याच्या आतल्या आवरणाच्या) मागे एक पातळ पडदा चिकटवलेला असतो. स्पीकर बदलणारा, पॉवर विंडो दुरुस्त करणारा तो फाडतो किंवा अर्धवट चिकटवून पॅड बसवून टाकतो. आता आठवा, तुमच्या दरवाज्याला शेवटचा हात कुणी लावला होता? पडदा फाटला असेल तर जाड प्लास्टिक कापून ब्यूटाइल टेपने (चिकट रबरी पट्टीने) चिकटवा. खालची कड पत्र्याच्या फटीतून दरवाज्याच्या आत गेली पाहिजे, म्हणजे ओघळ आतच पडतो. ही कड बाहेर राहिली तर बाकी सगळं काम फुकट. दरवाजा हलवताना आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला, तर खालची भोकं तुंबलीत. काडीने मोकळी करा.

वायरींचे ग्रोमेट. माझी गाडी शेवटी इथे पकडली. इंजिनाच्या मागच्या पत्र्यात वायरी जातात तिथे भोकाच्या कडेला घट्ट बसणारी रबरी बुचं, म्हणजे ग्रोमेट असतात. फॉग लॅम्प बसवणाऱ्याने त्यातल्या एकात स्क्रूड्रायव्हरने भोक पाडून आपली वायर आत सोडली होती. नुसत्या भोकातून फार पाणी आलं नसतं, पण वायर वरून तिरकी खाली येत होती. तीच वासा झाली. पाऊस त्या वायरीवरून सरळ आत चालत यायचा, कार्पेटखाली उतरायचा आणि चढामुळे मागे जायचा. नवं ग्रोमेट बसवलं, कडेने ब्यूटाइल लावलं आणि वायरीला भोकाच्या अलीकडे खाली झोळ दिला, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी टपकून जातो. त्या झोळाला खर्च शून्य आला. जीपीएस, रिव्हर्स कॅमेरा, अॅम्प्लिफायर, बाहेरून आत आलेली कुठलीही वायर याच नजरेने बघा. उंदीर लागत असतील तर ग्रोमेट कुरतडलंय का तेही.

सनरूफ. त्याचं रबर पाणी पूर्ण अडवत नाही आणि तशी अपेक्षाही नसते. आत आलेलं पाणी भोवतीच्या पन्हळीत पडतं आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली जातं. पन्हळीच्या कोपऱ्यात अर्धा ग्लास पाणी हळूहळू ओता. ते गाडीखाली किंवा दरवाज्याच्या बिजागरीजवळ बाहेर यायला हवं. पन्हळीतच साचलं तर नळी तुंबली. छताच्या कापडाला डाग आला तर नळी वरच्या टोकाला निसटली. इथेही नायलॉन दोरीच, आणि हलक्या हाताने.

डिकी. स्टेपनी बाहेर काढा, एका माणसाला टॉर्च घेऊन आत बसवा, मागची सीट पाडून वाट मोकळी ठेवा. टेललॅम्पची गॅस्केट, डिकीचं बीडिंग, छतावरच्या अँटेनाचा तळ आणि मागच्या बंपरआड हवा बाहेर सोडणाऱ्या जाळ्या, या क्रमाने पाणी मारा. मागून ठोकर बसलेली गाडी असेल तर पत्र्याच्या जोडावरचं सीलंट नीट भरलंय का ते आधी बघा. डेंटिंगवाल्यांचं तिथे हमखास दुर्लक्ष होतं.

पुढची काच. लोक सगळ्यात आधी हिच्यावर संशय घेतात. मी शेवटी घेईन, काच पूर्वी बदललेली असेल तर मात्र आधी. ही काच पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने चिकटवलेली असते आणि गाडीच्या मजबुतीत तिचा वाटा असतो. शेजारच्याची एअरबॅग फुगते तेव्हा तिला मागून आधार बऱ्याच गाड्यांत याच काचेचा असतो. कडेने सिलिकॉन फासून गळती क्वचितच थांबते, आणि पुढे काच नीट बसवायची म्हटली तर सिलिकॉनच्या थरावर पीयू धरत नाही. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते उघड्या पत्र्याला गंजही लावतं. काच गळत असेल तर ती काढून, गंज घासून, प्रायमर लावून पुन्हा बसवणं हाच इलाज, आणि तो काचवाल्याचा.

वाळवणं

गळती बंद केली आणि ओल्या फोमवर कार्पेट अंथरलं, तर पंधरा दिवसांत बुरशीचा वास परत हजर. ओलं-सुकं ओढणाऱ्या व्हॅक्यूमने पाणी खेचून घ्या. कार्पेट गाडीबाहेर निघत असेल तर उत्तमच. पावसाळ्यात उन्हाची वाट बघू नका, पंख्याखाली उभं टांगा, फोमची बाजू वाऱ्याकडे. फोम आतून सुकायला तीन-चार दिवस सहज जातात. वरून हात लावून फसू नका, टिश्यू दाबून बघा. गाडी आतून सुकवायला काचा बंद करून, आतलीच हवा फिरेल असं बटण दाबून एसी अर्धा तास चालवा. तोच बाष्प ओढून बाहेर टाकतो. पत्र्यावर गंज दिसला तर घासून प्रायमर आणि रंग आत्ताच लावा, उघडलेली गाडी पुन्हा लवकर उघडली जात नाही.

सीट परत बसवताना आधी बोल्ट घट्ट करा, मग सगळे कनेक्टर जोडा, बॅटरीची वायर सगळ्यात शेवटी. कार्पेटची मात्र घाई नको. सीट जोडलेल्या असल्या की उघड्या पत्र्यावरही गाडी चालते. पत्र्यावर वर्तमानपत्र पसरा आणि दोन मुसळधार पाऊस जाऊ द्या, एक उभ्या गाडीवर आणि एक चालत्या. कागद कोरडा राहिला तरच कार्पेट आत. माझी गाडी अकरा दिवस तशीच फिरली. आईने मागे बसायला साफ नकार दिला, म्हणाली टेम्पोत बसल्यासारखं वाटतं. बाराव्या दिवशी कार्पेट बसवलं, रेक्झिनची मॅटिंग मात्र गुंडाळून माळ्यावर टाकली ती अजून तिथेच आहे.